डॉल्फिनची हुशारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डॉल्फिन माणसाइतका, किंबहुना काकणभर जास्तच हुशार, असं कुणी छातीठोकपणे सांगतं. तर कुणी माशाच्या लालचेने उड्या मारणारा प्राणी म्हणून त्याची बोळवण करतं. दोन्ही मतं तपासून घ्यायला हवीत.

गैरसमज : मेंदू माणसाहून मोठा, म्हणजे बुद्धीही जास्त.
वस्तुस्थिती : बॉटलनोज डॉल्फिनचा मेंदू साधारण १५०० ते १७०० ग्रॅमचा, माणसाचा १३०० ते १४००. पण वजनावरच बुद्धी ठरत असती, तर सुमारे आठ किलोचा मेंदू असलेला स्पर्म व्हेल पहिला आला असता. शरीराच्या मानाने जेवढा मेंदू अपेक्षित, त्याच्या माणसाचा सुमारे सातपट भरतो, डॉल्फिनचा चार ते पाचपट, चिंपांझीचा अडीचपटीच्या आसपास. म्हणजे डॉल्फिन वरच्या रांगेत आहे, माणसाच्या पुढे नाही.

गैरसमज : डॉल्फिनना माणसासारखी भाषा आहे.
वस्तुस्थिती : प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिनची स्वतःची खास शीळ असते. तिची नक्कल ऐकवली की तो उत्तर देतो, हे स्टेफनी किंग आणि विन्सेंट जानिक यांनी २०१३ मध्ये दाखवलं. ही जवळपास नावाने हाक मारणंच झालं. मात्र या शिळांमधून ते वाक्यं रचतात, याचा पुरावा नाही. १९६० च्या दशकात जॉन लिली यांनी डॉल्फिनला इंग्रजी शिकवायचा प्रयत्न केला, तो फसला.

गैरसमज : त्यांना फक्त शिकवलेल्या कसरती येतात.
वस्तुस्थिती : होनोलुलूत लुई हर्मन यांनी अकेआकामाई या मादीला हातांच्या खुणा शिकवल्या. ‘माणूस, फळी, आण’ अशा क्रमाने खुणा केल्या की ती सर्फिंगची फळी माणसाकडे न्यायची. ‘फळी, माणूस, आण’ म्हटलं की माणसाला फळीकडे. खुणा त्याच, क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे तिला उमगलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे काही डॉल्फिन तर तोंडावर समुद्री स्पंज धरून तळ उकरतात, म्हणजे चोचीला इजा होत नाही. ही युक्ती पिल्लं आईकडून शिकतात, तीही मुख्यतः माद्या. तिथे त्यांना शिकवायला माणूस नसतो.

गैरसमज : भारताने डॉल्फिनला कायद्याने ‘व्यक्ती’ मानलं आहे.
वस्तुस्थिती : मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या परिपत्रकाने डॉल्फिनेरियमना मनाई केली. डॉल्फिनना ‘मानवेतर व्यक्ती’ मानावं, हे त्यात शास्त्रज्ञांचं मत म्हणून आलं होतं. कायद्याने तसा दर्जा मिळालेला नाही.

डॉल्फिनची बुद्धी घडली ती समुद्रात. गढूळ पाण्यात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधणं आणि शिळेवरून सोबती ओळखणं, यासाठी ती आहे. माणसाच्या परीक्षेत तिला किती गुण पडतात, यावरून तिची किंमत ठरू नये. कोकणात किंवा गोव्यात डॉल्फिन पाहायला बोटीत बसाल, तेव्हा एवढं करा : कळपाचा पाठलाग नको, इंजिन हळू ठेवा आणि अंतर राखा, असं नाववाल्याला आधीच सांगा. आवाजावर जगणाऱ्या या प्राण्याला आपल्या गोंगाटाचा त्रास होतो.