वाढ्याची वाटणी

तोड सुरू झाली की फडात पहिली कुरबुर वाढ्यावरून. गाडीवानाला बैलांसाठी वाढं हवं, शिवाय मोळ्या विकून चार पैसे. सभासदाच्या दावणीला संकरित गाई, त्यालाही हवं. २०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळात माण, आटपाडीच्या छावण्यांत आपल्या भागातला ऊस गेला, तिथला खिलारवालाही वाढ्याकडे डोळे लावून असतो. सगळेच जनावरं पोसणारे, पण बोलाचाली बंद!

आम्ही शेतकी खात्याची माणसं फडावर हिंडतो. आमच्या मते खरं भांडण कोयता कुठं पडतो याचं आहे. खाली पडला तर मोळी भरते, सभासदाचं वजन जातं. वर पडला तर कच्चा शेंडा गव्हाणीत येतो नि उतारा घसरतो. शेवटच्या पक्क्या कांड्यावर तोडा, कुणाचंच नुकसान नाही. मोळ्यांचं मात्र कोयता लागण्याआधीच मुकादमासमोर ठरवा.

आणि वाढं कुणाच्याही गोठ्यात जावो, नुसतं टाकू नका. त्यातलं ऑक्झलेट जनावराच्या अंगातलं कॅल्शियम अडवतं. कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडा, जोडीला दुसरी वैरण द्या. जादा मोळ्या असतील तर गट ऑफिसात सांगा, गिऱ्हाईक गाठून देऊ.