देवळाच्या मंडपातलं वाचन

पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं आणि आपण बाजूनं, तिरकं बघत वाचायचं. थोड्या वेळात मनगट भरून येतं. पान खालच्या कोपऱ्यातून उलटायचं, म्हणजे हात चित्रावर येत नाही. पासलीत देवळाच्या मंडपात तीन ते आठ वर्षांची पोरं समोर बसली, की सगळा डोलारा अशा बारीकसारीक गोष्टींवर उभा असतो. चित्र दिसेनासं झालं की मागची रांग उठून पुढे येते आणि पुढची ओरडायला लागते.

पासली हे वेल्ह्याहून केळदकडे, पुढे मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पावसाळ्यात पुण्याच्या गाड्या इथून धबधबे बघायला जातात. गावाला तेव्हा मान वर करायची फुरसत नसते, कारण भाताची आवणी चालू असते. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून वाचनगटही जूनमध्ये सुरू करावा, हा शहरी हिशेब इथे चालत नाही. आवणी उरकू द्यावी. मग संध्याकाळचा तासभर हाती लागतो, तोही गुरं घरी यायच्या आत.

गटाची खरी किल्ली चौथी-पाचवीतल्या मुलींच्या हातात असते. धाकटं भावंड त्यांच्याच कडेवर असतं. वयाची अट घातली तर ती मुलगी येत नाही, आणि ती आली नाही की धाकटंही येत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांना हे फार आधी कळलं होतं. १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं; मुलं बालवाडीकडे येत नसतील तर बालवाडीनं त्यांच्या अंगणात जायचं, ही अंगणवाडीची कल्पना त्याच कामातून आली. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकट्याची सोय झाली तरच थोरली शिकणार होती. आमच्या मंडपातही तान्ही बाळं असतात. मधेच एखादं रडतं, त्याची ताई खांबाला टेकून त्याला थोपटते, पण तिचे कान गोष्टीकडेच असतात.

पुस्तकं निवडताना मी एक निर्दय नियम पाळतो: शेवटी तात्पर्य असेल तर ते पुस्तक बाजूला. चित्रं मोठी हवीत, वाक्यं थोडी हवीत, आणि एखादं वाक्य पुन्हापुन्हा येणारं हवं. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर वाचनाची पातळी छापलेली असते, त्याचा उपयोग होतो. त्यांच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर २०१५पासून मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या छापूनही घेता येतात. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं मात्र विकतच घ्यावीत. त्यातली चित्रं वाक्यांइतकंच बोलतात.

शहरातली घरं, लिफ्ट, बागेतली घसरगुंडी हे सगळं पोरं सहज पचवतात. शेत चुकलं तर मात्र खैर नाही. एका चित्रात बैलांचं जू मानेच्या बरंच मागे, जवळजवळ पाठीवर आलं होतं. पहिलीतला एक पोरगा उठून जवळ आला, बोट ठेवून म्हणाला, “आवो, असं जुपलं तर बैल चालंल का?” गोष्ट तिथेच थांबली. पुढचा सगळा वेळ बैल कसे जुपायचे यावर गेला. अशा वेळी “नंतर बोलू” म्हणणाऱ्यानं वाचनगट चालवू नये, असं माझं मत आहे.

एकच पुस्तक पुन्हा वाचायचा हट्ट होतो. मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो, पोरांना नाही. काही वाचनांनंतर वाक्य आपल्या तोंडून निघायच्या आत समोरून येतं. मग एखादी चिमुरडी पुस्तक मांडीवर घेऊन पानागणिक बरोबर वाक्य म्हणते, अक्षर एक ओळखत नसताना. घरचे हसतात, “पाठ केलंय नुसतं.” पण कोणतं वाक्य कोणत्या पानाचं, पान कुठून उलटायचं, चित्राखालच्या काळ्या रेघोट्यांत तेच शब्द दडलेत, एवढं सगळं तिला उमगलेलं असतं. वाचनाची सुरुवात हीच. तिथे “हे अक्षर कुठलं?” असं विचारून खोडा घालायचा नाही.

सगळ्यात मोठा शत्रू इथला पाऊस. भिंती ओल धरतात, पानं एकमेकांना चिकटतात, मुखपृष्ठावर बुरशी येते. पत्र्याच्या पेटीतही दमटपणा शिरतोच. चुलीवरच्या माळ्यावर पुस्तकं कोरडी राहतात, पण त्यांना धुराचा वास लागतो. मुलांना त्याचं काही वाटत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही, ती पिवळी पडून कागदच खाते. पिठाची पातळ खळ आणि पतंगाचा कागद पुरतो. ज्याच्या हातून फाटलं त्यालाच चिकटवायला बसवतो. ही शिक्षा असावी असा माझा बेत होता, पण पोरांना ते काम भलतंच आवडतं. परवा तर एकानं खळीसाठी मुद्दाम पान फाडल्याची तक्रार त्याच्या ताईनं माझ्याकडे आणली.