रुपया आणि डॉलर : हुंडणावळीविषयीचे काही गैरसमज

शिरूरच्या बाजार समितीत कांद्याचा भाव कोसळल्यावर, किंवा दौंडच्या फलाटावर गाडी उशिरा येणार असे कळल्यावर, जी हमखास चर्चा रंगते तिच्यात कोणी तरी सुशिक्षित गृहस्थ एक सिद्धान्त मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात : स्वातंत्र्य मिळाले त्या दिवशी एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, आणि पुढे आपल्या राज्यकर्त्यांनी तो मातीमोल केला. याहून उत्साही मंडळी १९१७ साली एका रुपयास तेरा डॉलर मिळत, असेही सांगतात. ही दोन्ही विधाने निराधार असून, त्यांचा निरास करण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची नव्हे, तर सराफाच्या तराजूची आवश्यकता आहे.

१८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून आपल्या मुलखाकरिता एकच रुपया ठरवून दिला. त्यापूर्वी एका टांकसाळीच्या रुपयाला दुसरीच्या रुपयाशी बट्टा पडे आणि सराफांची त्यावर चंगळ चाले. घोडनदीकाठच्या इंग्रजी छावणीतला शिपाई पगार घेऊन शिरूरच्या पेठेत उतरला की त्याला हा अनुभव येत असला पाहिजे. नव्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात शुद्ध रुपे १६५ ग्रेन. त्याच काळातल्या अमेरिकन रुपेरी डॉलरात शुद्ध रुपे होते ३७१¼ ग्रेन. तेव्हा दोन्ही नाणी ताजव्यात घातली असती तर एका डॉलराच्या बरोबरीला सव्वादोन रुपये लागले असते. रुपया खणखणीत चांदीचा होता, त्याची प्रतिष्ठा कोणी डागाळली नव्हती, तेव्हाही तो डॉलरच्या निम्म्याहून कमीच भरत होता.

१८७१ नंतर जर्मनी व त्यामागोमाग इतर राष्ट्रे सुवर्णचलनाकडे वळली, रुपे स्वस्त झाले, आणि रुप्याचा रुपया पौंडाच्या व डॉलरच्या तुलनेने घसरू लागला. या घसरणीचा संबंध आपल्या परिसराशी फार निकटचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे एक ठाणे शिरूरला होते. आणि पंडिता रमाबाई, ज्यांनी पुढे दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ति मिशन उभारले, त्यांच्या कार्यास साहाय्य करण्याकरिता १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती व तिने रमाबाईंच्या शारदासदन या शाळेचा भार दहा वर्षे उचलण्याचे पत्करले होते. देणगी डॉलरांत, खर्च रुपयांत. रुपयाचा दर मात्र पौंडाच्या हिशेबात सांगितला जाई, त्यामुळे डॉलरचा हिशेब पौंडामार्फत करावा लागे.

तो हिशेब आज मांडून पाहण्याजोगा आहे. सदन मुंबईस सुरू झाले त्या १८८९ सालच्या सुमारास शंभर डॉलरचे सुमारे तीनशे रुपये होत. १८९४-९५ मध्ये रुपया एक शिलिंग एक पेनीपर्यंत उतरला, तेव्हा त्याच शंभर डॉलरचे पावणेचारशेच्या आसपास झाले. लंडनला सोन्यात पैसे भरावे लागणाऱ्या हिंदुस्थान सरकारचे या घसरणीने कंबरडे मोडत होते. म्हणून त्याआधीच, २६ जून १८९३ रोजी, टांकसाळी लोकांच्या रुप्याला बंद करण्यात आल्या होत्या, आणि शतक संपता संपता रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिरावला. शंभर डॉलरचे पुन्हा तीनशेआठ झाले. सरकारच्या दृष्टीने रुपया सुधारला. परदेशी देणगीवर चालणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने मात्र प्रत्येक शंभर डॉलरमागे पासष्ट-सत्तर रुपयांची तूट आली. चढलेला रुपया सर्वांच्याच हिताचा असतो, हा समज इथेच गळून पडावा.

तेरा डॉलरच्या कथेचे मूळ, माझ्या तर्काप्रमाणे, भलत्याच आकड्यात आहे. १९२७ च्या कायद्याने रुपया एक शिलिंग सहा पेन्स ठरला, म्हणजे एका पौंडास तेरा रुपये पाच आणे चार पै. हा ‘तेरा’ सांगोवांगी उलटा फिरला असावा. १९१७ साली प्रत्यक्षात रुपयाला डॉलरचा तिसरा हिस्सा मिळे.

आता १९४७. हिंदुस्थानावर विदेशी कर्ज नव्हते, म्हणून रुपया डॉलरइतका होता, असा युक्तिवाद केला जातो. इंग्लंडच आपले सुमारे पंधराशे कोटी रुपये देणे लागत होते, हे खरे. पण सावकाराच्या नाण्याचे वजन ऋणको ठरवीत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दफ्तरी डिसेंबर १९४६ मध्येच रुपयाचे मूल्य ३०.२२५ सेंट असे नोंदले गेले होते.

पुढची घसरणही अखंड नव्हती. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४.७६ रुपयांवर गेला आणि जवळजवळ सतरा वर्षे तेथेच राहिला. ६ जून १९६६ रोजी तो ७.५० झाला. या एकाच घटनेविषयी कोणी ३६.५ टक्के सांगतो, कोणी ५७.५, आणि दोघे हमरीतुमरीवर येतात. वास्तविक रुपयाचे मूल्य ३६.५ टक्क्यांनी उतरले म्हणूनच डॉलरची किंमत ५७.५ टक्क्यांनी चढली.

दरावरून राष्ट्राची पत मोजणाऱ्यांनी जपानकडे पाहावे. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन पडत, आणि त्याच दराने जपानने जगाच्या बाजारपेठा काबीज केल्या. आज रांजणगावच्या वसाहतीत जो कारखाना सुटे भाग परदेशातून आणतो त्याला महाग डॉलर जाचतो, तर परदेशी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला तोच डॉलर लाभतो. कांदा पिकवणाऱ्याच्या पदरात त्यातले किती पडते, हे निर्यातबंदीची आज्ञा केव्हा निघते यावर अधिक अवलंबून असते.

शिरूर-दौंडच्या अभ्यासिकांतून स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांना एवढीच विनंती, की टिपणवहीत ‘१९४७ : एक रुपया = एक डॉलर’ असे लिहिलेले असेल तर ते खोडावे, आणि तेथे लिहावे : एक डॉलर = तीन रुपये पाच आणे, किंचित कमी.