घरचेच शिपाई, घरच्यांवरच लाठी

मित्रांनो, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी यथातथाच आहे, चुका सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतूनच सांगायला हवा, कारण त्यावरचे टोमणे मराठीतूनच मारले जातात.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सगळ्या टेस्ट ताईच्याच झाल्या, उपासही तिनेच केले. रिपोर्ट नॉर्मल! भावजींची तपासणी सगळ्यात शेवटी झाली आणि कारण तिथेच सापडलं: अँटिस्पर्म अँटिबॉडीज.

म्हणजे काय? आपली रोगप्रतिकारशक्ती 'आपलं कोण, परकं कोण' हे लहानपणीच शिकते. शुक्राणू मात्र वयात आल्यावर तयार होतात. त्यामुळे तिच्या रजिस्टरमध्ये त्यांची एन्ट्रीच नसते! म्हणून निसर्गाने वृषणात पेशींची एक घट्ट भिंत बांधली आहे. रक्त अलीकडे, शुक्राणू पलीकडे. मार, इन्फेक्शन किंवा ऑपरेशनमुळे ही भिंत फुटली, तर शरीर शुक्राणूंना घुसखोर समजून अँटिबॉडीज सोडतं. मग शुक्राणू एकमेकांना चिकटतात, किंवा गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्रावातच अडकतात. नसबंदी झालेल्या पुष्कळ पुरुषांतही या अँटिबॉडीज सापडतात.

स्त्रियांमधला एक प्रकार वेगळा आहे, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात गर्भ राहतो, पण पुन्हा पुन्हा पडतो. रक्ततपासणी किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात. गरोदरपणात कमी मात्रेतलं ॲस्पिरिन आणि हेपॅरिन दिल्यावर अनेकींची बाळंतपणं सुखरूप होतात.

अँटिबॉडीज सापडल्या म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, शक्यता कमी होते एवढंच. ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये जगासमोर आणलेल्या इक्सी पद्धतीत एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. अडकण्याचा प्रश्नच मिटला! ताईचे उपचार आता त्याच मार्गाने चालू आहेत.

भावजींना कॉलेजात असताना लेदर बॉल जोरात लागला होता. तेच कारण, असं डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. तरी हॉस्टेलच्या वीरांनो, गार्ड घालूनच बॅटिंगला उतरा. आणि पुढे कधी वेळ आलीच, तर पहिली तपासणी स्वतःची करा. ती सोपी असते. ताईची सहा वर्षं मात्र कुणी परत देणार नाही.