कॅटलोनिया: नकाशावर प्रांत, मैदानात देश

कॅटलोनिया हा स्पेनचा एक स्वायत्त प्रांत. वस्ती साधारण ८० लाख, राजधानी बार्सिलोना. फुटबॉलच्या विश्वचषकात या नावाचा संघ तुम्हाला दिसणार नाही. तिथले खेळाडू स्पेनकडून खेळतात. पण कॉर्फबॉलच्या जागतिक स्पर्धेत कॅटलोनिया स्वतःच्या नावाने उतरतो. हे कसं काय?

आधी खेळ थोडा समजून घेऊ. १९०२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका शाळामास्तरांनी, निको ब्रूकहाउझेन यांनी, तो सुरू केला. डच भाषेत 'कॉर्फ' म्हणजे टोपली. साडेतीन मीटर उंचीवरच्या टोपलीत चेंडू टाकायचा. संघात चार स्त्रिया, चार पुरुष. चेंडू घेऊन पळायचं नाही. बचाव करणारा समोर हात उंचावून अडवत असेल, तर टोपलीकडे चेंडू फेकायचा नाही. म्हणजे इथे एकट्याची ताकद फारशी चालत नाही, पास द्यावाच लागतो.

आता मूळ प्रश्न. कोणाला सभासद करायचं, हे प्रत्येक खेळाचा जागतिक महासंघ ठरवतो. कॉर्फबॉलच्या महासंघाने कॅटलोनियाला वेगळं सभासदत्व दिलं. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडही तिथे वेगवेगळे खेळतात. २००२ ची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा तर कॅटलोनियातच भरली होती.

हे किती नाजूक असतं, ते रोलर हॉकीत दिसलं. २००४ मध्ये कॅटलोनियाला तात्पुरतं सभासदत्व मिळालं. संघाने मकावमध्ये 'ब' गटाची जागतिक स्पर्धा जिंकली. आणि त्याच वर्षी महासंघाच्या सभेने मतदान करून ते सभासदत्व नाकारलं. मैदानात जिंकलेले सभागृहात हरले!

आणि खरी मेख पुढेच आहे. कॉर्फबॉल १९२० आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून खेळला गेला, पदकांसाठी कधीच नाही. तो तिथे पोचावा, असं या खेळावर प्रेम करणाऱ्यांना वाटणारच. पण १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये नव्याने प्रवेश फक्त आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या स्वतंत्र राष्ट्रालाच मिळतो. पोर्तो रिको, हाँगकाँग आधीच आत होते म्हणून टिकले. कॅटलोनिया नव्हता.

म्हणजे बघा, आपला खेळ मोठा व्हावा असं म्हणावं, तर जर्सीवरचं आपलं नाव जायचं. नाव राखावं, तर खेळ लहानच राहिलेला बरा. कॅटलोनियाच्या खेळाडूने यातलं काय मागावं?