मानेची नस दबली आहे? इंजेक्शन घेण्याआधी हे वाचा

हात डोक्यावर ठेवून झोपलं तरच तुम्हाला बरं वाटतं का? कळ मानेतून निघून खांद्यावरून थेट बोटांपर्यंत जाते का? मग दुखणं हाताचं नसून मानेतल्या दबलेल्या नसेचं असू शकतं. मानेतून नसांच्या ८ जोड्या निघतात. सहावी नस दबली तर मुंग्या साधारण अंगठ्याकडे येतात, सातवी दबली तर मधल्या बोटाकडे, आठवी दबली तर करंगळीकडे.

एमआरआयचा रिपोर्ट आला की घरात ऑपरेशनचा विषय निघतो. मग कोणीतरी मोबाइलवर जाहिरात पाठवतं, ‘ऑपरेशनशिवाय, फक्त एका इंजेक्शनने!’ तुम्ही जयपूरच्या मुरलीपुऱ्यात राहा नाहीतर पुण्यात, ही जाहिरात तुमच्यापर्यंत पोहोचतेच.

इंजेक्शन खरं आहे, जाहिरात मात्र अर्धवट आहे. दबलेल्या नसेभोवती सूज असते. तिथे स्टेरॉइड सोडलं की सूज उतरते आणि काही दिवसांत कळ कमी होते. हा आराम काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. काहींना अजिबात फरक पडत नाही. सरकलेली गादी इंजेक्शनने जागेवर जात नाही. पण बाहेर आलेला गादीचा भाग पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. अमेरिकेतल्या रोचेस्टरमधल्या ५६१ रुग्णांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण चौघांपैकी एकाला ऑपरेशन करावं लागलं आणि शेवटच्या तपासणीपर्यंत सुमारे ९० टक्के लोकांचा त्रास गेला होता किंवा किरकोळ उरला होता. म्हणजे खरं काम बहुतेकदा वेळच करते. तोवर तुम्हाला झोप लागावी, मानेचे व्यायाम करता यावेत, एवढ्यासाठी इंजेक्शन. माझ्या मते हेही काही कमी नाही!

पण मान म्हणजे दंड नव्हे. इथे मज्जारज्जू आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अगदी जवळ असतात. मणक्यातल्या अशा स्टेरॉइड इंजेक्शननंतर क्वचित लकवा, दृष्टी जाणं, मृत्यू असे प्रकार घडल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये दिला होता. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: सुई एक्स-रे मशीनवर बघत घालणार का? स्टेरॉइड कणांचं की बिनकणांचं? अशी किती इंजेक्शनं तुम्ही मानेत दिली आहेत? विचारायला संकोच कसला, मान तुमची आहे.

मधुमेह असेल तर नंतर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका.

आणि काही वेळा इंजेक्शनची वाट पाहत बसायचं नसतं. शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, हाताची ताकद झपाट्याने कमी होत गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूच दबत असू शकतो. अशा वेळी ऑपरेशन टाळणं महागात पडतं. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. मुरलीपुऱ्याच्या मंडळींसाठी जयपुरातच सवाई मानसिंह हे सरकारी रुग्णालय आहे, तिथे न्यूरोसर्जरी विभागही आहे. जाताना नुसता रिपोर्ट नको, एमआरआयच्या फिल्मही पिशवीत टाका. पुष्कळ डॉक्टर आधी त्याच मागतात.