वाढ नाही; पण कोणाच्या नोंदीत?

बंगळूरच्या दोन तान्ह्या बाळांमध्ये एचएमपीव्ही सापडला आणि रत्नागिरीपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांना ताप चढला. 2001 साली नेदरलँड्समध्ये ओळख पटलेला हा विषाणू एका रात्रीत 'नवा' ठरला. या गदारोळात राज्याच्या आरोग्य विभागाने शांतपणे सांगितलं, की डिसेंबर 2024 मध्ये श्वसनसंसर्गाचे रुग्ण 2023 च्या तुलनेत वाढलेले नाहीत. घाबरू नका, हा निरोप योग्यच होता. पण ही तुलना कोणत्या नोंदींवर उभी आहे, हेही विचारायला हवं.

2004 पासून चालू असलेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षणात गावच्या उपकेंद्रातली सिस्टर लक्षणं नोंदवते, आरोग्य केंद्राचे डॉक्टर संशयित निदान लिहितात आणि प्रयोगशाळा पक्का अहवाल देते. एस, पी आणि एल असे हे तीन फॉर्म. एस फॉर्मवर खोकल्याची विभागणी मुदतीवर होते: तीन आठवड्यांहून कमी, की जास्त. जास्त असेल तर क्षयाचा संशय. कमी असेल तर फ्लू, करोना, एचएमपीव्ही आणि साधं पडसं सगळे एकाच रकान्यात. हा ढोबळपणा चालतो, कारण रकान्याने विषाणूचं नाव सांगायचं नसतं; आकडा नेहमीपेक्षा कधी चढला, एवढंच सांगायचं असतं. एप्रिल 2021 पासून नोंद ऑनलाइन झाली, नोंदवायचे आजार 18 वरून 33 झाले. पण नोंदीतच न आलेल्या रुग्णाला इंटरनेटचा वेग काय कामाचा?

आणि असे रुग्ण थोडेथोडके नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातली जवळपास निम्मी कुटुंबं एरवी सरकारी दवाखान्यात जातच नाहीत. शिवाय आपल्याकडे खोकला अंगावर काढायची रीत. मेडिकलमधून सिरपची बाटली आणली की काम झालं. ती बाटली कुठल्याही फॉर्मवर चढत नाही.

दुसरा मुद्दा ऋतूचा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील डॉ. मनदीप चढ्ढा आणि सहकाऱ्यांचा 2015 चा अभ्यास मला या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाचा वाटतो. फ्लू हा थंडीचा आजार, ही आपली पाठ्यपुस्तकी समजूत. त्यांनी वेगवेगळ्या शहरांचे नमुने तपासले, तेव्हा श्रीनगरात फ्लूचा कळस जानेवारी ते मार्चमध्ये दिसला, चेन्नईत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तर पुण्यासह बहुतेक ठिकाणी जुलै ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे एकाच देशाला एकच 'फ्लूचा मोसम' नाही, आणि आपल्याकडे लस टोचायची ती एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीसाठी खरी परीक्षा पावसाळ्यातली. डिसेंबरचा आलेख सपाट आहे म्हणून कोकणाने निर्धास्त व्हायचं कारण नाही.

त्यात पावसाळ्याच्या शेवटी गणपती. चाकरमानी मुंबईहून भरल्या गाड्यांनी येतात, एकेका घरात वीस-पंचवीस माणसं राहतात, आरतीला सारी वाडी जमते. विषाणूला याहून काय हवं? नेमक्या त्याच दिवसांत सुट्टीमुळे ओपीडी बंद, म्हणून आकडा खाली. तो बघून साथ ओसरली म्हणायचं, तर गावात माणसं वाढलेली आणि नोंदी घटलेल्या, हे कोणी लक्षात घ्यायचं?

जून 2021 मध्ये उलटी गंमत झाली. राज्यात करोनाच्या डेल्टा प्लस या प्रकाराचे 21 रुग्ण जाहीर झाले, त्यातले नऊ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले. जिल्ह्याच्या नावाने बोभाटा झाला. पण जनुकीय तपासणी झाल्याशिवाय हा प्रकार ओळखताच येत नव्हता; जिथले नमुने तपासले गेले, तिथेच तो सापडणार. आकडा मोठा म्हणजे रोग मोठा, असं दर वेळी नसतं. शोध मोठा, असंही असतं.

नोंदींतल्या या उणिवांवरचा उपाय खर्चिक नाही. ब्रिटनमध्ये पन्नासहून अधिक वर्षं निवडक फॅमिली डॉक्टर आपल्या रुग्णांची साप्ताहिक आकडेवारी देत आले आहेत. मंडणगड ते राजापूर, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके नऊ. प्रत्येकातले दोन-तीन खासगी डॉक्टर ठरवावेत, दर सोमवारी त्यांच्याकडून ताप-खोकल्याचा आकडा घ्यावा आणि सरकारी आकड्याशेजारी तो तालुकावार जाहीर करावा. सुट्टीचे आठवडे वेगळ्या रंगात दाखवावेत. हे जूनआधी सुरू झालं, तर पुढच्या वेळी 'वाढ नाही' हे वाक्य लोकांना स्वतः पडताळून पाहता येईल.